मुहेर म्हणजे बाई

सीताफळं बाजारात आली की माझं डोकं फिरतं. यात फळाचा काही दोष नाही. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ खाऊन वाढलेल्या माणसाला दुसरीकडचं गोड लागत नाही, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. पण ही फळं येतात नेमकी दिवाळीच्या तोंडावर, आणि दिवाळीच्या तोंडावर आमच्या बीडकडं बाईमाणसाला एकच प्रश्न विचारतात. काल गल्लीच्या कोपऱ्यावर गाडा लावणाऱ्या हमीदाआपांनी तो विचारलाच. डोळे उघडलेली, दाबलं की जरा दबणारी फळं माझ्यासाठी निवडता निवडता म्हणाल्या, "काय बाई, औंदाबी माहेराला न्हाई गेल्या?" विचारण्यात खोट नव्हती. मी नाही म्हटलं, पिशवी घेतली आणि जिना चढून आले. खोलीत येऊन पिशवी जरा जोरातच ओट्यावर ठेवली आणि त्यातलं एक फळ फुटलं.

हा राग काही वर्षांपूर्वीच्या एका सीताफळाच्या हंगामातला आहे. त्या वर्षी आषाढात मी गेवराईहून, म्हणजे सासरहून, निघून आले होते. आमचं गाव लिंबागणेशजवळ, डोंगराला लागून. आले तेव्हा मी 'माहेरी आलेली' होते. वैनीनं पुरण घातलं, शेजारणी भेटायला आल्या, कुणी केसांना तेल लावून दिलं. श्रावण संपेपर्यंत मी 'माहेरी बसलेली' झाले. घर तेच, बाई तीच, क्रियापद तेवढं बदललं. बरं, बसायला तरी मिळत होतं म्हणावं, तर तेही नाही. सकाळी शेण काढण्यापासून भांडी पालथी घालेपर्यंत मी पायांवर उभी असे, तरी गावभर मी बसलेलीच. मराठी भाषेवर माझं प्रेम आहे, पण या एका क्रियापदाबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

नवऱ्यानं मारलं म्हणून मी आले होते. हे कुणाला सांगितलं की समोरचा विचारायचा, "एकदाच ना?" जणू दोनदा मारलं असतं तर यांनी मला आणायला वाजतगाजत गाडी पाठवली असती. मारलं कशावरून, तर मी मोबाईलवर एका परक्या बाईशी परक्या भाषेत बोलत होते आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. आपल्या बायकोच्या तोंडून आपल्याला न कळणारं काही बाहेर पडतं, हेच त्याला सहन झालं नाही. भाषा स्पॅनिश होती. ती मराठी असती तरी मी काय बोलते ते त्याला कळलं असतं, असं मला वाटत नाही.

लग्नाआधी पुण्यात शिकत असताना मी स्पॅनिशचा वर्ग लावला होता. स्थळ आलं, लग्न झालं, शिक्षण अर्धवट राहिलं. ते मी ऑनलाइन शिकवणी लावून पुन्हा धरलं होतं. दिवाळीनंतर पुण्यात परीक्षा होती. पास झाले तर परदेशातल्या हॉटेलांच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम मिळणार होतं. एका मैत्रिणीनं तसा शब्द टाकून ठेवला होता. त्या हंगामात माझ्यापुढं एवढा एकच सवाल होता. परीक्षा होईपर्यंत मला या घरात राहू देतात, की त्याआधीच गेवराईला परत धाडतात? राहू दिलं तर पुढचं आयुष्य माझं होतं, धाडलं तर मोबाईल पुन्हा नवऱ्याच्या कपाटात कुलूपबंद होणार होता, आणि त्याच्यामागोमाग मी.

शिकवायला मार्ता नावाची बाई होती, कोलंबियातली, साठीच्या पुढची. तिच्याकडं सकाळ व्हायची तेव्हा आमच्याकडं दिवेलागण. रेंज फक्त गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलं तरच यायची, त्यामुळं माझ्या खांद्यामागून म्हैस हमखास डोकावायची. मार्ता आधी म्हशीला नमस्कार करायची, मग मला.

बाईला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'मुहेर'. हा पहिल्या आठवड्यात शिकायचा शब्द. लिहिताना त्यात इंग्रजीतला 'जे' येतो, म्हणून पुण्यात पहिल्या दिवशी मी तो 'मुजेर' असा वाचला होता आणि सगळा वर्ग हसला होता. स्पॅनिशमध्ये त्या 'जे'चा 'ह' होतो. अर्थ तर लगेच कळला, बाई. पण शब्दाचा अर्थ कळणं वेगळं आणि शब्द कळणं वेगळं. तो शब्द मला कळला त्या हंगामात, गोठ्याच्या भिंतीपाशी.

मार्ताच म्हणाली, की एवढ्या साध्या शब्दाला तू पुन्हा एकदा नीट बघ, परीक्षेत याच्यावर माणसं नापास होतात. मग तिनं सांगितलं की नवरा आपल्या बायकोबद्दल बोलताना 'मी मुहेर' म्हणतो. स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे 'माझी'. माझी बाई, म्हणजे माझी बायको. मी विचारलं, मग बायकोही नवऱ्याला 'माझा पुरुष' म्हणते का? मार्ता हसली. म्हणाली, म्हणता येतं, पण मग ऐकणारे कान टवकारतात. बायकोनं 'नवरा' हाच शब्द वापरायचा. लग्न लागतं तेव्हा पाद्री काय म्हणतो, तर आजपासून तुम्ही नवरा आणि बाई. तो गडी चर्चमध्ये शिरताना पुरुष असतो आणि बाहेर पडताना नवरा होतो. ती आत जाताना बाई आणि बाहेर येतानाही बाई, फक्त आता त्याची. मी त्या दिवशी एवढी चिडले की मार्तालाच ओरडून बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आय, मुहेर." हीसुद्धा त्या शब्दाची एक तऱ्हा. एका बाईनं दुसरीला समजावताना तो असाच, नुसता म्हणायचा. आपण 'अगं बाई' म्हणतो ना, अगदी तसाच.

आणखी एक तऱ्हा तिनं जराशी घुटमळत सांगितली. जुन्या स्पॅनिशमध्ये 'सार्वजनिक पुरुष' म्हणजे पुढारी, चारचौघांत मान असलेला. आणि 'सार्वजनिक मुहेर' म्हणजे धंदा करणारी. मला हसूच आलं. मार्ताला वाटलं मला समजलं नाही. मी तिला म्हटलं, बाई गं, सात समुद्रांपलीकडं जाऊनही माझी सुटका नाही म्हणायची. आमच्याकडंही बाजारात बसणारा व्यापारी असतो आणि बाजारात बसवलेली बाई मात्र दुसरी असते. शाळेत शिकवते ती बाई, आणि 'त्यानं बाई ठेवलीय' म्हणतात त्यातलीही बाईच. गडी रडला तर त्याला आम्ही 'बाईवाणी' म्हणतो, आणि बाई बोलली तर तिला 'गड्यावाणी' म्हणतो. कुणी कौतुकानं म्हणत असेल असं समजू नये. एवढी मोठी भाषा तोडकीमोडकी बोलत मी मार्ताला हे सगळं सांगितलं, आणि मला वाटतं स्पॅनिश मला त्याच संध्याकाळी यायला लागली. राग आला की व्याकरण आपोआप बसतं.

तर मी घोकत असे. चुलीपुढं, तुरी निवडताना, म्हशीला पाणी दाखवताना. ला मुहेर, लास मुहेरेस, मी मुहेर. बाई, बाया, माझी बाई. हे सगळं ऐकत होती माझी चुलती. आमच्या दोन घरांमध्ये कंबरेएवढी भिंत आहे आणि चुलतीचे कान त्या भिंतीच्या वर. तिनं एक दिवस वैनीला विचारलं, "काय गं, ही पोरगी दिवसभर माहेर माहेर, मी माहेर, मी माहेर करायली. माहेरात बसून माहेराचं कावून येवढं याड लागलं हिला?" वैनीनं ते दादाला सांगितलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यापासून घर त्याच्या शब्दावर चालायचं. त्यानं माझा मोबाईल उचलून पडद्यावरचा शब्द वाचला. बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेला माणूस, त्यानं अक्षरं जुळवली आणि खूश होऊन म्हणाला, "मुजोर! बघ माय, लिव्हलंयच हितं, मुजोर. म्या कवापास्नं तेच सांगायलोय."

मी समजावून सांगितलं. कुणीही ऐकलं नाही. ऐकावं कशाला? एकाच शब्दात त्यांना पाहिजे ते दोन्ही सापडलं होतं. कानाला माहेर, डोळ्याला मुजोर. बाई हा अर्थ तेवढा कुणाला दिसला नाही.

आणि गंमत म्हणजे 'माहेर' या शब्दाला स्पॅनिशमध्ये शब्दच नाही. मी मार्ताला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आईवडिलांचं घर म्हण. मी म्हटलं, तसं नाही. भावालाही आईवडिलांचं घर असतं, पण त्याला माहेर नसतं. ती म्हणाली, मग तुझं जुनं घर म्हण. मी म्हटलं, जुनं तरी कसं म्हणू, मी आत्ता इथंच आहे. ती गोंधळली आणि म्हणाली, "तू तिथं राहतेस तर ते तुझं घर आहे, एवढं साधं आहे."  मागून म्हैस हंबरली.

दिवाळी आली. डोंगरावरून सीताफळांच्या पाट्या उतरायला लागल्या. मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यांपुढं बायका पाट्या मांडून बसल्या. आमच्याही घरात गव्हाच्या पोत्यात फळं पिकायला ठेवलेली, आणि हात घातला की गोड वास यायचा. माझी धाकटी बहीण माहेरी आली. ती आली, बरं का, बसली नाही. तिला उटणं, तिला पहिलं गरम पाणी, तिच्यासाठी सगळ्यात मोठं सीताफळ बाजूला काढून ठेवलेलं. यात तिचं काहीच चुकलं नाही, मीही आधीची दोन वर्षं तशीच येत होते. भाऊबीजेला दोघींनी ओवाळलं. दादानं तिच्या ताटात साडी ठेवली. माझ्या ताटाकडं बघून म्हणाला, "तुला काय, तू तर घरातच हायेस."

हे वाक्य मला त्या वेळी आवडायला हवं होतं. मी घरातच आहे, हेच तर मला कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं. पण त्यानं ते साडी वाचवायला म्हटलं होतं.

त्यानंतर एक दिवस सोडून बैठक बसली. सासरे आले, नवरा आला, आणि मध्यस्थी करायला सगळ्यांच्या लग्नात नि भांडणात पुढं असणारे एक पुढारी आले. अंगणात सतरंजी, पानसुपारी, सगळं रीतसर. नवरा मान खाली घालून मोबाईल बघत होता. त्याच्या मोबाईलवर कुणाचा आक्षेप नव्हता. सासरे म्हणाले, "पाव्हणं, पोरीला आमच्याकडं काय कमी हाय? तुमच्याच गावातली माणसं सांगायलीत, दिसभर माहेर माहेर म्हणून घोकती म्हणं. आसं केल्यावर ती नांदंल कशी?"

माझा आवाज आतूनच चढला. "मामा, माहेर न्हाई ते. मुहेर हाय. त्याचा अर्थ बाई." आणि मी उंबऱ्यात येऊन उभी राहिले.

पुढारी माझ्याकडं बघून मोकळं हसले. "बाई तर तू हायेसच की. ते काय पाठ करायचं आस्तंय?"

सगळे हसले. नवराही हसला. इतक्या वर्षांत मी या प्रश्नाला मनातल्या मनात शंभर उत्तरं दिली आहेत. करायचं असतं पाठ. पहिल्यापासून पाठ करायला लागतं, कारण आम्हाला तो शब्द शिकवतानाच त्याच्याआधी 'कुणाची तरी' हे जोडून शिकवलेलं असतं. कुणाची लेक, कुणाची सून, कुणाची मंडळी. नुसती बाई म्हणायला गेलं की जीभ अडखळते. 'मी मुहेर' म्हणताना स्पॅनिश नवऱ्याच्या मनात 'माझी' असतं. माझ्या मराठी कानाला मात्र तो 'मी' म्हणजे मीच ऐकू यायचा. मी, बाई. मला ते घोकायला आवडायचं, आणि चुलतीला वाटत होतं तसं मला याडबीड काही लागलं नव्हतं. पण हे त्या दिवशी सुचलं नाही. त्या दिवशी माझे कान तापले होते आणि समोर चार गडीमाणसं पान खाऊन हसत होती.

ठरलं असं, की तुळशीचं लगीन झालं की मला नांदायला पाठवायचं. परीक्षा त्याच्यानंतर होती. मला कुणी विचारलं नाही. बैल विकताना गिऱ्हाईक निदान बैलाच्या तोंडात हात घालून दात तरी बघतं.

मी म्हटलं, "मी येणार न्हाई."

मग मात्र कुणी हसलं नाही. दादा उठून उभा राहिला. लोकांसमोर त्याचा मान गेला होता आणि तो त्याला तिथल्या तिथं परत पाहिजे होता. "मग हितंबी ऱ्हायचं न्हाई," तो म्हणाला.

आई माझ्यामागं चहाचा ट्रे घेऊन उभी होती.  मी वळून तिच्याकडं बघितलं. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं, एवढंच बोलेल की राहू दे तिला परीक्षेपर्यंत. ती माझ्या बाजूनं पुढं झाली आणि तिनं सगळ्यांना चहा दिला. पहिला कप माझ्या सासऱ्यांना.

खरं सांगायचं तर मला नवऱ्याचा आला नाही, दादाचा आला नाही, तेवढा राग त्या क्षणी आईचा आला. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली. तिनं फडक्यात बांधून चार सीताफळं दिली, ती मी उंबऱ्यावरच ठेवून निघाले. पुण्यात मैत्रिणीच्या खोलीवर राहून परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत परीक्षक बाईंनी विचारलं, तुझ्या लहानपणच्या घराबद्दल सांग. मी म्हटलं, माझ्या भाषेत त्या घराला एक शब्द आहे, तुमच्या भाषेत नाही, पण अर्थ सांगते. जिथं बाईला पाहुणी म्हणून येता येतं आणि राहता येत नाही, ते घर. बाईंनी चष्मा काढला आणि पुढचा प्रश्न विचारला.

पास झाले. काम मिळालं. हे काम कुठूनही करता येतं, मग मी बीडलाच खोली घेतली. पुणं सोडून इथं कशाला, असं लोक विचारतात. का नको? हा जिल्हा काय फक्त त्यांचा आहे? आता दादा चौकात सांगतो की माझी बहीण फॉरेनची भाषा बोलती. दर दिवाळीला फोन करून म्हणतो, ये की माहेराला, किती दिवस डोक्यात राख घालून घेणार. मी जात नाही. आई आठवड्याला फोन करते, पाऊसपाणी, म्हशीचं दूध, वैनीची कंबर. त्या बैठकीबद्दल आम्ही कधी बोललो नाही. राग असा फोनवर दोघींच्या मध्ये बसून असतो आणि आम्ही त्याला वळसा घालून बोलतो.

आज भाऊबीज. सकाळीच दारावर थाप पडली. उघडलं तर आई, हातात पिशवी, डोक्यावरचा पदर एस.टी.च्या वाऱ्यानं घसरलेला. एकटी आली होती. माझ्या खोलीत ती कधी आलेली नव्हती. सगळीकडं नजर फिरवून म्हणाली, "उजेड चांगला हाय गं." मी पाणी दिलं. कालचं फुटलेलं सीताफळ बशीत होतं, ते तिनं न विचारता पुढं ओढलं आणि खायला लागली. एवढ्यात दादाचा फोन आला. माझा मोबाईल स्पीकरवरच होता.

"माय तिकडं आलीय का? कुणाला काय सांगितलं न्हाई, सकाळधरनं पत्ता न्हाई. हितं पोरी यायल्यात ओवाळायला, सैपाक कुणी करायचा? तिला म्हणावं दुपारच्या गाडीनं ये."

मी काही बोलायच्या आत आईनं चिकट हातानं मोबाईल उचलला, तोंडापाशी धरला आणि म्हणाली, "म्या न्हाई येत." मग तिनं तो खाली ठेवला. फोन बंद कसा करायचा ते तिला येत नाही, तिला वाटलं ठेवला की बंद झाला. तोंडातल्या बिया तिनं हातात काढल्या आणि त्यांच्याकडंच बघत मला म्हणाली, "तवाच बोलाय पायजे व्हतं म्या. चहा कसला वाटत बसले. त्याच्या अंगावर वतायचा व्हता."

पडद्यावर दादाचं नाव अजून तसंच होतं. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. मी फोन बंद केला नाही.